मोठ्या जनावरासाठी रायफलचं काडतूस: आधी गोळी ठरवायची की कॅलिबर?

रानवाट

नमस्कार मंडळी. यंदा पहिल्यांदाच एल्कचा, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या हरणाचा, परवाना हाती आलाय. आजवरचे चार हंगाम लहान हरणांच्या मागे गेले. रायफल .३०-०६, बोल्ट अ‍ॅक्शन, नळीच्या आतल्या, गोळीला फिरकी देणाऱ्या पेचाला १० इंचात एक वेढा. हरणांसाठी १५० ग्रेनची (ग्रेन हे गोळीचं वजन, साधारण पंधरा ग्रेनचा एक ग्रॅम) साधी सॉफ्ट पॉइंट, म्हणजे मऊ शिशाच्या उघड्या टोकाची गोळी वापरत आलो, तिने कधी दगा दिला नाही. पण एल्कचा नर ३०० किलोच्या वर भरतो आणि त्याच्या फऱ्याचं हाड मनगटाएवढं जाड असतं. तिथे हीच गोळी चालेल का, याची खात्री वाटत नाही.

सध्या टेबलावर तीन डबे मांडून बसलोय: तीच १५० ग्रेन, १८० ग्रेनची बाँडेड आणि १६५ ग्रेनची निखळ तांब्याची. त्यात एक मित्र म्हणतो, ही रायफल काढून टाक आणि .३०० विन मॅग (विंचेस्टर मॅग्नम, जास्त वेगाचं काडतूस) घे. अडीचशे मीटरच्या पुढे बार टाकायचा नाही हे मी आधीच ठरवलंय. जनावर जखमी होऊन रानात निसटलं तर ते मला झेपणार नाही, एवढं एकच भय मनात आहे. अनुभवी लोकांनी सविस्तर लिहावं.

(चर्चा परवाना, हंगाम आणि कोटा ठरवून दिलेल्या कायदेशीर शिकारीपुरतीच ठेवू या.)

सांबरशिंग

रायफल विकू नका. .३०-०६ हे १९०६ सालचं काडतूस, नावातला '०६' तिथलाच. त्यावर पडलेल्या एल्कची गणती नाही. तुमच्या अंतरात कॅलिबर कमी पडत नाही. तीन डब्यांमधला फरक मात्र खरा आहे, त्यावर देवराई यांनी लिहावं. त्यांनी जनावरांतून काढलेल्या गोळ्या डबीत जपून ठेवल्यात.

देवराई

डबी समोर ठेवूनच लिहितो.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. आपण बोलताना 'गोळी' म्हणतो आणि हातात काडतूस धरतो. काडतूस म्हणजे पितळी केस, तळाशी प्रायमर, आत दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. जनावरापर्यंत पोचते ती एकटी गोळी. म्हणून दुकानात उभं राहिल्यावर डब्यावरचं मोठं नाव वाचून थांबू नका, आत कोणत्या बनावटीची गोळी आहे ती ओळ शोधा. एकाच .३०-०६च्या नावाखाली अगदी निरनिराळ्या स्वभावाच्या गोळ्या मिळतात.

आता एक जुनी गोष्ट. वीस वर्षं झाली, पण अंगावर काटा येतो अजून. तेव्हा माझ्याकडे .३०० मॅग्नम होती आणि त्यात १५० ग्रेनची साधी गोळी, नळीतून निघताना जवळपास १००० मीटर प्रति सेकंद. मला वाटायचं, वेग आहे म्हणजे सगळं आहे. पहाटे झाडीतून एल्कचा नर पन्नासेक पावलांवर आला, किंचित माझ्याकडे वळलेला. बार थेट फऱ्यावर बसला. जनावर गुडघ्यावर आलं, उठलं आणि गेलं. रक्त भरपूर, पण वरवरचं. दिवसभर माग काढला, संध्याकाळी दुसऱ्या गोळीने ते संपलं. सोलल्यावर कळलं की पहिली गोळी हाडावर आपटून तिथेच चुरा झाली होती. बशीएवढी उथळ जखम, मांसात शिशाचे कण आणि कवचाच्या चिंध्या, आत फुप्फुसांपर्यंत काहीच पोचलेलं नाही. तो चुरा मी चिमट्याने वेचून या डबीत ठेवलाय. नेम चुकला नव्हता, वेगही होता. त्या वेगाला आणि त्या हाडाला ती गोळी पुरी पडणार नव्हती आणि ती निवडली होती मी.

हाच धडा फार पूर्वी दुसऱ्या एकालाही मिळाला होता. १९४६ साली जॉन नॉस्लर कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात मूस या महाकाय हरणाच्या शिकारीला गेले होते. मूस चिखलाने माखलेला, हातात .३०० एच अँड एच मॅग्नम, आणि गोळ्या आत शिरण्याआधीच फुटत होत्या. परतल्यावर त्यांनी मधोमध धातूची आडवी भिंत असलेली गोळी बनवली. पुढचा अर्धा भाग फुलतो, भिंतीमागचा अर्धा भाग शाबूत राहून आत शिरत जातो. १९४८ पासून ती विक्रीला आली. पार्टिशन म्हणतात ती हीच, आजही निघते.

बनावटी ढोबळमानाने अशा समजा. साधी गोळी म्हणजे तांब्याच्या मिश्रधातूचं पातळ कवच, आत शिशाचा गाभा, दोन्ही एकमेकांना नुसते दाबून बसवलेले. हरणाच्या बरगडीला ती उत्तम, लवकर फुलते. जाड हाडावर आणि मोठ्या वेगात कवच एकीकडे आणि शिसं दुसरीकडे जायचा धोका. बाँडेडमध्ये तेच कवच आणि तोच गाभा, पण एकमेकांना सांधलेले, त्यामुळे गोळी फुलली तरी वजन फारसं सोडत नाही. तिसरी निखळ तांब्याची. तिच्या टोकाला पोकळी असते, आपटल्यावर पाकळ्या उमलतात, मागचं बूड अखंड राहतं. माझ्या डबीतल्या १८० ग्रेनच्या बाँडेड गोळ्या दीडशेच्या आसपास भरतात. तांब्याच्या तर जवळजवळ जेवढ्या गेल्या तेवढ्याच परत आल्या. बहुतेक वेळा त्या आरपार जातात, म्हणून डबीत दोनच आहेत.

तेव्हा तुमची १५० ग्रेनची साधी गोळी हरणांसाठी ठेवा. बाकीच्या दोन्हींपैकी कोणतीही एल्कला चालेल. त्यातली कोणती, ते तुमची रायफल सांगेल.

रानवाट

देवराई, मनापासून आभार. तो चुऱ्याचा प्रसंग दोनदा वाचला. एक शंका. डब्याच्या मागे ज्यूलचं कोष्टक छापलेलं असतं. ते कितपत धरायचं? कमीत कमी किती ज्यूल हवेत असा काही आकडा आहे का?

नळीचापेच

कायद्याचा आकडा असेल तर तो पाळायचाच, त्यावर चर्चा नाही. स्वीडनमध्ये मूससाठी गोळी किमान ९ ग्रॅमची असेल तर १०० मीटरवर २७०० ज्यूल लागतात. १० ग्रॅम किंवा जास्त वजनाची असेल तर २००० ज्यूल पुरतात. जर्मनीत रेड डिअर आणि रानडुकरासाठी किमान ६.५ मिलिमीटर कॅलिबर आणि १०० मीटरवर २००० ज्यूल. स्वीडनच्या नियमातली खुबी बघा: गोळी जड झाली की ऊर्जेची अट सैल केली आहे. जड गोळी खोल जाते, हे तिथल्या नियमातच धरलंय.

बाकी ज्यूलने जनावर पडत नाही. पडतं ते फुप्फुसातून किंवा हृदयातून गेलेल्या भोकाने. देवराईंच्या त्या बाराला ऊर्जा कमी नव्हती, ती सगळी फऱ्याच्या बाहेरच खर्च झाली.

कोष्टकात मी ऊर्जेआधी वेगाचा रकाना बघतो. तोही नळीच्या तोंडाशी नाही, माझं शेवटचं अंतर असेल तिथला. फुलणाऱ्या गोळीला फुलण्यासाठी एक किमान वेग लागतो. बऱ्याच गोळ्यांना तो सेकंदाला ५५० ते ६०० मीटरच्या आसपास लागतो आणि तांब्याच्या गोळ्या सहसा त्यातल्या वरच्या टोकाला असतात. त्याखाली गेलात तर गोळी न फुलता पेन्सिलीसारखी आरपार जाते. .३०-०६ची १८० ग्रेन नळीतून साधारण ८२० मीटर प्रति सेकंदाने निघते. टोकदार गोळी असेल तर पावणेतीनशे मीटरवरही ६५०च्या घरात असते. तुमच्या अडीचशे मीटरला भरपूर वाव आहे. कंपनी तो किमान वेग सहसा जाहीर करते, विकत घेण्याआधी वाचून घ्या.

आता पेचाबद्दल, कारण आयडीतच आहे. शिशाची घनता ११.३४, तांब्याची ८.९६. म्हणजे तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते. लांब गोळीला स्थिर राहायला जास्त फिरकी लागते, शिवाय ती केसमध्ये खोल बसून दारूची जागा खाते. म्हणून तांबं घेताना वजनाची एक पायरी खाली उतरायचं. तुम्ही १८०ऐवजी १६५ बघताय ते योग्यच आहे. दहाला एक पेच तिला व्यवस्थित सांभाळेल.

तांबडफुटी

तांब्याच्या बाजूने आणखी एक मुद्दा, माझ्यासाठी तोच सगळ्यात मोठा. आम्ही घरी मांस खातो, लहान मुलंही खातात. शिशाची गोळी फुटते तेव्हा डोळ्यांना न दिसणारे कण जखमेपासून बरेच लांब मांसात जातात. एक्स-रे काढला की पांढरे ठिपके चांदण्यासारखे पसरलेले दिसतात. रानात टाकलेली आतडी गिधाडं आणि गरुड खातात, त्यांना विषबाधा होते. कॅलिफोर्नियात काँडोर गिधाडांवरचं हे संकट बघून २०१३ साली कायदा झाला आणि १ जुलै २०१९ पासून तिथे शिकारीला शिशाची काडतुसं पूर्ण बंद झाली. डेन्मार्कने एप्रिल २०२४ पासून रायफलच्या शिकारी काडतुसांतलंही शिसं बंद केलं. जाल तिथला नियम आधी तपासा.

बाँडेड घेतली तर निदान जखमेभोवतीचं मांस सढळ हाताने कापून टाका. चार घास वाया गेले तरी चालतील.

हिवाळी

.३०० विन मॅगचं सांगणाऱ्या मित्राबद्दल लिहिते. १८० ग्रेनची गोळी .३०-०६मधून ८२०ने निघते, .३०० विन मॅगमधून सुमारे ९००ने. म्हणजे .३००ची गोळी सव्वाशे मीटर गेल्यावर ज्या वेगावर येते, त्या वेगाने तुमची नळीतूनच निघते. तुम्हाला मिळतो तो एवढाच सव्वाशे मीटरचा फायदा. चारशे मीटरवर बार टाकणाऱ्याला तो मोलाचा. अडीचशेवर थांबणाऱ्याला त्याबदल्यात खांद्यावरचा धक्का आणि कानठळ्या, आणि हा धक्का फार महागात पडतो.

हे अनुभवाचे बोल आहेत. मॅग्नम घेतल्यावर दोन महिन्यांत माझा नेम बिघडला आणि मी दुर्बिणीला दोष देत होते. रेंजवर एका बाईंनी माझ्या नकळत मॅगझिनमध्ये मधूनच एक डमी काडतूस घातलं. चाप ओढला, बार झालाच नाही आणि तरी नळी सणकन खाली गेली, डोळे मिटलेले. धक्क्याच्या भीतीने शरीर आधीच आक्रसत होतं. ती सवय मोडायला पूर्ण वर्ष गेलं. आज मी ६.५ क्रीडमोरने १४० ग्रेनची बाँडेड वापरते. एल्कसाठी ती खालच्या टोकाला आहे हे मला मान्य आहे, म्हणून दोनशे मीटरच्या आत आणि जनावर पूर्ण आडवं उभं असेल तरच बार टाकते. नाहीतर चाप सोडून देते.

सांबरशिंग

+१. डमी काडतुसाची चाचणी प्रत्येकाने करावी, वर्षातून एकदा तरी.

ओढाकाठ

प्रश्न भाबडा वाटेल, पण विचारतो. खोल शिरायलाच हवं असेल तर लष्करी धाटणीची, पूर्ण कवचाची गोळी का नको? ती तर मुळीच फुटत नाही.

देवराई

प्रश्न योग्य आहे. १८९०च्या दशकात कलकत्त्याजवळच्या डमडम कारखान्यात टोक उघडं ठेवलेल्या गोळ्या बनू लागल्या, त्यावरून 'डमडम' हा शब्द जगभर गेला. १८९९च्या हेग परिषदेत फुलणाऱ्या गोळ्या युद्धात वापरायला बंदी आली. पूर्ण कवचाची गोळी लष्करात टिकून आहे ती मुख्यतः या कारणाने, मारण्यात ती सरस आहे म्हणून नव्हे. शिकारीत हिशेब नेमका उलटा. न फुलणारी गोळी फुप्फुसातून बारीक भोक पाडून पलीकडे जाते आणि जनावर कित्येक मैल चालून कुठेतरी कण्हत मरतं. म्हणूनच हरीण-एल्कसारख्या जनावरांसाठी ती अनेक ठिकाणी कायद्याने बंद आहे. शिवाय पलीकडे गेलेली गोळी कुठे थांबेल ते सांगता येत नाही.

पाणवठा

एक अपवाद नोंदवून ठेवतो, म्हशी आणि हत्तींचा. आफ्रिकेत रानम्हशीला जाणाऱ्याने हा धागा वाचून .३०-०६ नेऊ नये. तिथे बऱ्याच देशांत .३७५ हे किमान धरलं जातं. .३७५ एच अँड एच १९१२ साली आलं. ३०० ग्रेनची गोळी, सुमारे ७७० मीटर प्रति सेकंद, म्हणजे ५७०० ज्यूलच्या आसपास. .३०-०६च्या जवळजवळ दीडपट, आणि गोळीचं वजन साडेएकोणीस ग्रॅम. पहिली गोळी फुलणारी, पण जाड कवचाची. मागे न फुलणाऱ्या सॉलिड, कारण जखमी म्हैस पाठ फिरवून पळते किंवा अंगावर येते आणि दोन्ही वेळा गोळीला फार खोल जावं लागतं.

कुणीतरी हत्तींचे शिकारी डब्ल्यू. डी. एम. बेल यांचं नाव काढेलच. त्यांनी ७ मिलिमीटरच्या .२७५ रिग्बीने शेकड्यांनी हत्ती मारले हे खरं आहे. पण ते १७३ ग्रेनची सॉलिड गोळी वापरत आणि मेंदू नेमका कुठे आहे हे त्यांनी हत्तींच्या कवट्या चिरून अभ्यासलं होतं. तेवढी ओळख असल्याशिवाय त्यांचा दाखला देऊ नये. जिम कॉर्बेट यांच्याकडेही .२७५ रिग्बी होती, पण जोडीला .४५०/४०० दुनळीही होती.

रानवाट

आता चित्र स्पष्ट झालं. रेंजवर दोन्ही डब्यांचं काय तपासू? फक्त कागदावरचा घोस, म्हणजे भोकं किती जवळ पडतात ते, पुरेसा आहे का?

नळीचापेच

घोस बघाच, पण तीन बारांवर निकाल देऊ नका. तीन भोकं योगायोगानेही एकत्र येतात. पाच-पाचचे दोन घोस घ्या, मध्ये नळी गार होऊ द्या. एका प्रकारावरून दुसऱ्यावर जाताना नळी स्वच्छ करा आणि मोजणीआधी चार-पाच बार टाकून बसवून घ्या. तांब्याची नवी गोळी आधीच्या गोळ्यांच्या कवचांनी नळीत सोडलेल्या थरावर चालवली की काही नळ्या रुसतात.

मग जी निवडाल तिच्यावर पुन्हा झिरो करा, म्हणजे ठरलेल्या अंतरावर नेम आणि बार जुळवून घ्या. १५० ग्रेनवर केलेला झिरो १८०ला लागू पडत नाही, त्याच नळीतून गोळी तळहातभर सरकलेली मी पाहिली आहे. २०० यार्डांवर झिरो केलात तर १८० ग्रेन ३०० यार्डांवर साधारण २० सेंटिमीटर खाली येते. स्वतः मारून बघा, कोष्टकावर सोडू नका.

डब्याच्या झाकणाच्या आत लॉट नंबर असतो. एकाच लॉटचे चार डबे घ्या. लॉट बदलला की दारू बदललेली असू शकते. आणि थंडीत वेग थोडा घटतो. उन्हाळ्यात झिरो केलेली रायफल हंगामाच्या पहिल्या गार सकाळी एकदा तपासा. त्यातही पहिला बार कुठे बसतो तो लिहून ठेवा, कारण रानात तुम्हाला गार नळीचा पहिलाच बार मिळणार आहे.

हिवाळी

आणि बाकावरून उठून जमिनीवर बसून, गुडघा टेकून, काठीच्या आधाराने मारा. लहान हरणाची वर्माची जागा वीतभर असते, एल्कची तिच्या दीडपट धरा. त्या मापाची बशी कागदावर काढा आणि दहापैकी दहा बार आत बसतील ते तुमचं खरं अंतर. अडीचशे ठरवलंय, पण बशीने पावणेदोनशे सांगितलं तर पावणेदोनशेवर थांबा.

देवराई

मी आणखी एक करतो. जुनी वर्तमानपत्रं रात्रभर पाण्यात भिजवून घट्ट गठ्ठे बांधतो, सुरक्षित बांधाला टेकवून त्यांत पन्नास मीटरवरून एकेक बार. गोळी काढून धुवायची आणि वजन करायचं. ओला कागद म्हणजे जनावर नव्हे, पण कोणती गोळी चुरा होते आणि कोणती टिकते हे एका दुपारी हातात येतं.

रानवाट

दोन आठवड्यांनी लिहितोय. सगळं केलं.

१६५ तांब्याच्या दोन घोसांत १०० मीटरवर सरासरी साडेतीन सेंटिमीटर, १८० बाँडेडचे पाचाच्या वर. १५० साधीचे तीनच्या आत होते, पण ओल्या कागदात तिची दशा पाहिली. गठ्ठा उघडला तर कवच चपटं होऊन एका पानावर चिकटलेलं आणि शिशाची काळी भुकटी दहा-बारा पानांवर पसरलेली. तिथेच देवराईंची डबी आठवली. बाँडेडचं अळंबं सुंदर झालं, १५१ ग्रेन भरलं. तांब्याची सगळ्यात खोल गेली, चारही पाकळ्या शाबूत, १६४ ग्रेन.

बशीच्या चाचणीत काठीच्या आधाराने दोनशेपर्यंत दहाच्या दहा आत, दोनशे तीसवर आठ. म्हणून अंतर आता दोनशे. तांबं ठरलं, एकाच लॉटचे चार डबे घेतले.

सांबरशिंग

छान. जनावर आडवं येईपर्यंत थांबा. पुढच्या पायाच्या रेषेत, फऱ्याला लागून मागे, छातीच्या खालून एक तृतीयांश उंचीवर. बार झाला की लगेच बोल्ट ओढून दुसरं काडतूस आत. जनावर कुठे उभं होतं ती खूण डोळ्यात धरा आणि अर्धा तास तरी मागे जाऊ नका. तांब्यावर जनावर कधी कधी काहीच न झाल्यासारखं चालत जातं. त्याला घाबरवून दुसऱ्या दिशेला हाकलू नका.

रानवाट

हंगाम संपला, म्हणून हा शेवटचा वृत्तांत.

पहिले तीन दिवस बार टाकलाच नाही. दुसऱ्या दिवशी एक मोठा नर होता, पण अडीचशेच्या पुढे आणि तिरका. हिवाळी यांचं वाक्य आठवून चाप सोडून दिला. चौथ्या सकाळी दीडशे मीटरवर एक नर ओढ्याच्या काठाला आडवा आला. काठीचा आधार घेतला, फऱ्यामागे नेम धरला. बारानंतर तो दचकला, वीसेक पावलं चालला आणि उभा राहिला. मी दुसरं काडतूस चढवून दुर्बिणीतून बघत होतो. पंधरा-वीस सेकंदांनी मागचे पाय दुमडले आणि तो बसला, मग कलंडला. तरीही अर्धा तास जागचा हललो नाही.

सोलल्यावर एक बरगडी मोडलेली, दोन्ही फुप्फुसांतून भोक, आणि गोळी पलीकडच्या कातडीखाली बोटाला लागली. एक पाकळी तुटली होती. वजन १५२ ग्रेन. जखमेभोवती एवढं थोडं मांस खराब झालं होतं की कापून टाकायला फारसं उरलंच नाही.

देवराई, गोळी धुऊन एका डबीत ठेवली आहे. शेजारी कागदातून काढलेलं ते चपटं कवचही ठेवलंय, १५० ग्रेन असं लिहून.

देवराई

त्या चिठ्ठीवर अंतर आणि लॉट नंबरही लिहा. दहा वर्षांनी आठवत नाही.